खिशांतला कारभारी

मध्यमवर्गीय घरांतील कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या अल्बमांच्या आणि बंद पडलेल्या घड्याळाच्या शेजारीं, आज बहुधा आणखी एक वस्तु सांपडते: दहा-बारा वर्षांपूर्वीं मोठ्या हौसेनें घेतलेला लॅपटॉप. तो मोडलेला नसतो. त्याचा पडदा उजळतो, कळा दाबल्या जातात, पंखा फिरतो. परंतु त्याला जागें होण्यास चहाला आधण येण्याइतका वेळ लागतो. आणि जागा झाल्यावरही एखादें पत्र उघडावयाचें म्हटलें कीं तो विचारांत पडतो. घरांतील तरुण मंडळी म्हणतात, "बाबा, आतां हा भंगारांत द्या." वडील मंडळींना तें पटत नाहीं. जिचा एकही भाग तुटलेला नाहीं ती वस्तु भंगार कशी, हा त्यांचा साधा प्रश्न असतो. हा प्रश्न वरवर हट्टाचा वाटला तरी तो मुळांत शास्त्रीय आहे. आणि त्याचें बरेंचसें उत्तर अंगठ्याएवढ्या पेन ड्राइव्हवर मावतें.

अलीकडे या प्रश्नाला निकड आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचा नियमित आधार थांबविला. सुरक्षा-सुधारणांची कांहीं वाढीव सोय तिनें ठेविली. पण ती मुदतीची सोय आहे, आणि मुदत केव्हां तरी संपावयाचीच. पुढची विंडोज ११ ही सिस्टिम टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक यादींतले नवे प्रोसेसर मागते. ज्या यंत्रांत हें नाहीं, तें यंत्र कितीही धडधाकट असो, त्याला तेथें अधिकृत प्रवेश नाहीं. म्हणजे चालतीं-बोलतीं यंत्रें एका तारखेनें म्हातारीं ठरलीं. तीं खरोखरच म्हातारीं झालीं आहेत काय, हें पाहण्यासाठीं संगणकाच्या घरांत थोडें डोकावून पाहिलें पाहिजे.

संगणकाच्या संसारांत मुख्य मंडळी तीन. हिशेब करणारा प्रोसेसर; कायमचें सामान ठेवण्याचें कोठार म्हणजे हार्ड डिस्क; आणि चालू कामाचें सामान मांडून ठेवण्याचें मेज म्हणजे रॅम. या तिघांना आपण होऊन कांहींच सुचत नाहीं. कोणतें सामान कोठारांतून काढावें, मेजावर कोठें मांडावें, कोणाचें काम आधीं करावें, हें ठरविणारा एक कारभारी लागतो. हा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. यंत्र विकत घेतांना तो बहुधा त्याच्या बरोबरच येतो. त्यामुळें तो यंत्राचाच एक अवयव आहे, अशी पुष्कळांची समजूत होते. ती खरी नाहीं. कारभारी बदलतां येतो, आणि घर तेंच राहतें.

कारभाऱ्याचा परिवार मात्र वर्षानुवर्षें वाढत गेला आहे. २००१ सालीं आलेल्या विंडोज एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट रॅम पुरत असे. २०२१ सालीं आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट लागते. वीस वर्षांत ही किमान गरज चौसष्टपट झाली. ही वाढ निव्वळ उधळपट्टी होती असें म्हणणें अन्यायाचें होईल. तिच्यांत सुरक्षेची व्यवस्था आहे, जगांतील असंख्य भाषांची सोय आहे, पडद्यावरची सफाई आहे. परंतु जुन्या यंत्राचें मेज होतें तेवढेंच राहिलें. मेजावर जागा उरली नाहीं कीं कारभारी तेथलें सामान पुन्हां कोठारांत नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हां परत आणतो. या येरझाऱ्या फार महाग पडतात. रॅममधील वस्तु हातीं येण्यास सेकंदाचा सुमारें एक कोट्यांश भाग लागतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर तीच वस्तु शोधण्यास सुमारें एक शतांश सेकंद लागतो. म्हणजे फरक जवळजवळ एक लाख पटींचा. यंत्र मंद झालें असें जें वाटतें, त्यांतील फार मोठा भाग या येरझाऱ्यांचा असतो. प्रोसेसर पहिल्या दिवशीं जितक्या वेगानें बेरीज करीत होता, तितक्याच वेगानें तो आजही करतो.

मग परिवार लहान असलेला दुसरा कारभारी आणला तर? या विचाराची पहिली मोठी सामग्री लिनक्सनें पुरविली. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहून तो सर्वांसाठीं खुला केला, आणि पुढें ज्याला जसें हवें तसें घर त्याच्याभोंवतीं बांधतां येऊं लागलें. २००० सालीं जर्मनींतील क्लाउस क्नॉपर यांनीं नॉपिक्स नांवाची सिस्टिम प्रसिद्ध केली. ती हार्ड डिस्कवर बसवावीच लागत नसे. ७०० मेगाबाइटच्या एका सीडीवर सुमारें दोन गिगाबाइटचें सामान दाबून भरलेलें असे, आणि सीडी घालून यंत्र चालू केलें कीं सारें घर उभें राही. सीडी काढली कीं मूळच्या घराला ओरखडाही गेलेला नसे. ज्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत फ्लॉपी घालून संगणक सुरू केले, त्यांना ही कल्पना अगदींच नवी वाटली नसेल. नवी होती ती एवढीच गोष्ट, कीं पाहुण्या कारभाऱ्याबरोबर आतां सगळा संसार येऊं लागला.

या परंपरेंतील सर्वांत बोधप्रद उदाहरण ऑस्ट्रेलियांतील आहे. तेथील बॅरी कौलर यांच्या असें लक्षांत आलें कीं, लिनक्सच्या नव्या आवृत्त्याही दिवसेंदिवस अधिक दांडगें यंत्र मागूं लागल्या आहेत. मोठ्या सिस्टिममधून एकेक गोष्ट काढीत बसण्याऐवजीं त्यांनीं उलट वाट धरली. जेमतेम यंत्र सुरू होईल एवढ्या गाभ्यापासून त्यांनीं प्रारंभ केला, आणि एकेक फाइल, तिची गरज पाहून, तींत घातली. परगांवीं निघालेला शहाणा प्रवासी वळकटींत ज्या हिशेबानें वस्तु बांधतो, तोच हा हिशेब. जून २००३ मध्यें त्यांची सिस्टिम प्रसिद्ध झाली. तिचें नांव पपी लिनक्स; तें कौलर यांच्या चिहुआहुआ जातीच्या चिमुकल्या कुत्र्यावरून पडलें. पहिल्या कांहीं वर्षांतील पपी शंभर मेगाबाइटच्या आंत-बाहेर असे, आणि तेवढ्यांत पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, चित्रें, संगीत आणि इंटरनेट या सर्वांची सोय असे. २०१३ सालीं कौलर या कामाच्या धुरेवरून बाजूला झाले. त्यानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनीं तें चालविलें आहे. २०२० सालची फॉसापप ही आवृत्ति सुमारें ४०० मेगाबाइटची आहे. त्यानंतरच्या कांहीं आवृत्त्या याहून मोठ्या आहेत. हलकेपणा टिकविणें किती कठीण असतें, हें या आंकड्यांवरूनही दिसतें.

आतां हा कारभारी खिशांतून घरांत शिरतो कसा? यंत्राचें बटन दाबलें कीं प्रथम मदरबोर्डवरील एका छोट्या चिपमधली आज्ञावली जागी होते. जुन्या यंत्रांत तिला बायॉस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. तिच्या कामांतील शेवटचें काम म्हणजे कारभारी कोठें आहे तें शोधून त्याच्या हातीं किल्ल्या देणें. एरवीं ती हार्ड डिस्ककडे वळते. पण तिला यूएसबीकडे पाहण्यास सांगितलें तर ती पेन ड्राइव्हकडे वळते. तेथें पपीच्या तीन मुख्य फायली असतात. पहिलींत लिनक्सचा गाभा असतो. दुसरींत यंत्र उभें करण्यापुरतें प्राथमिक सामान असतें. आणि तिसरींत उरलेला सर्व संसार स्क्वॉशएफएस नांवाच्या पद्धतीनें दाबून बसविलेला असतो. रॅम पुरेशी असेल तर पपी ही तिसरी फाइल सबंध उचलून रॅममध्यें ठेवते. साधा पेन ड्राइव्ह सेकंदाला वीस मेगाबाइट वाचीत असेल, तर ४०० मेगाबाइटची फाइल वीस सेकंदांत वर येते. एवढा वेळ एकदां दिला, कीं पुढें प्रत्येक गोष्ट मेजावरच असते. कोठारांतल्या येरझाऱ्या जवळजवळ संपतात. जुन्या यंत्रावर पपी प्रथम चालविणाऱ्यास जो अचंबा वाटतो, त्याचें रहस्य एवढेंच आहे.

या रचनेंत आणखी एक युक्ति आहे. दाबून बसविलेल्या त्या मूळ फाइलवर कांहींच लिहिलें जात नाहीं. तिच्यावर जणूं एक पारदर्शक कागद अंथरलेला असतो, आणि वापरणारा जें जें लिहितो, बदलतो किंवा पुसतो, त्या सर्वाची खूण या वरच्या कागदावर उमटते. पाहणाऱ्याला दोन्ही मिळून एकच चित्र दिसतें. यंत्र पहिल्यानें बंद करतांना पपी विचारते: हा कागद जपून ठेवावयाचा काय? "होय" म्हटलें तर त्याची एक सेव्ह फाइल तयार होते, आणि पुढच्या वेळीं तीं पत्रें, तो पासवर्ड, तें पडद्यावरचें चित्र, सारें जागच्या जागीं सांपडतें. मग तो पेन ड्राइव्ह घरच्या यंत्राला लावलेला असो कीं भाचीच्या. "नाहीं" म्हटलें तर सर्व पुसलें जातें, आणि पुढच्या वेळीं सिस्टिम पहिल्या दिवसासारखी कोरी उठते. लहान मुलांच्या हातीं यंत्र द्यावयाचें असेल, तर हा कोरेपणा फार सोयीचा आहे.

जपून ठेवण्याच्या बाबतींत पेन ड्राइव्हचा स्वभावही ध्यानीं ठेविला पाहिजे. त्याच्या पोटांतील फ्लॅश स्मृतीचा शोध १९८० नंतरच्या दशकांत तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं लावला, आणि २००० सालीं असे ड्राइव्ह बाजारांत आले तेव्हां त्यांत आठ मेगाबाइटही मोठे वाटत. या स्मृतींत विजेचा अत्यल्प भार सूक्ष्म कप्प्यांत कोंडून ठेवलेला असतो. कप्पा पुसून पुन्हां लिहिला कीं त्याच्या भिंती दर वेळीं किंचित् झिजतात. वाचण्यानें होणारी झीज नगण्य. लिहिण्यानें होणारी खरी. म्हणून पपी पेन ड्राइव्हवर सतत लिहीत नाहीं; बदल रॅममध्यें सांठवून ठरावीक अंतरानें, किंवा वापरणाऱ्यानें सांगितल्यावर, ती ते उतरवून घेते. याचा दुसरा अर्थ असा, कीं मध्येंच वीज गेली किंवा कोणी ड्राइव्ह ओढून काढला, तर शेवटच्या उतरवणीनंतरचें लिखाण हरवतें. महत्त्वाचें पत्र लिहून होतांच "सेव्ह"चें चित्र दाबण्याची संवय लावून घ्यावी, आणि सेव्ह फाइलची एक प्रत दुसरीकडे ठेवावी. खिशांतली वस्तु खिशांतून पडूंही शकते.

ज्याला हा प्रयोग करून पाहावयाचा असेल त्याला दोन गिगाबाइटचा ड्राइव्हही पुरतो. दुसऱ्या चालत्या यंत्रावरून पपीची फाइल उतरवून घ्यावी. तिच्याबरोबर दिलेला चेकसम नांवाचा आंकडा जुळतो कीं नाहीं तें तपासावें, म्हणजे फाइल वाटेंत बिघडलेली नाहीं अशी खात्री होते. नंतर रुफस किंवा व्हेंटॉय यांसारख्या साधनानें ड्राइव्ह तयार करावा. या क्रियेंत ड्राइव्हवरचें आधींचें सर्व पुसलें जातें. लग्नाचीं छायाचित्रें असलेला ड्राइव्ह त्यासाठीं घेऊं नये. मग जुन्या यंत्राला तो लावून, बटन दाबतांच, यंत्राच्या बनावटीप्रमाणें एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांसारखी कळ दाबावी आणि यूएसबीची निवड करावी. नव्या यंत्रांत सिक्युअर बूट नांवाचा पहारा असतो व कधीं कधीं तो उठवावा लागतो. मात्र हार्ड डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद असेल, तर त्यापूर्वीं तिची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. पहारा बदलल्यावर विंडोज ती किल्ली मागूं शकते, आणि ती हातीं नसेल तर मालकालाच आपल्या घराबाहेर उभें राहावें लागतें.

या ड्राइव्हची खरी किंमत बहुधा संकटाच्या दिवशीं कळते. एके सकाळीं विंडोज उठतच नाहीं. पडदा निळा होतो आणि तसाच राहतो. घरच्यांना वाटतें, पांच वर्षांचीं छायाचित्रें आणि आजोबांनीं टंकून ठेवलेल्या आठवणी बुडाल्या. पुष्कळदां तसें झालेलें नसतें. कारभारी आजारी पडलेला असतो. कोठार शाबूत असतें. खिशांतला कारभारी आणून त्याच्या हातीं किल्ल्या दिल्या, कीं तो हार्ड डिस्क उघडून दाखवितो, आणि सामान दुसऱ्या डिस्कवर नेतां येतें. अशा वेळीं बिघडलेल्या डिस्कवर कांहींही न लिहितां प्रथम प्रती काढून घ्याव्या, दुरुस्तीचा विचार मागाहून करावा.

पण जी किल्ली मालकाला उपयोगी पडते ती परक्यालाही पडते. विंडोजचा पासवर्ड हा त्या कारभाऱ्याचा पहारा आहे, कोठाराचें कुलूप नव्हे. डिस्क कुलूपबंद नसेल तर कोणीही पांच मिनिटांत आपला पेन ड्राइव्ह लावून, पासवर्ड न विचारतां, आंतलीं कागदपत्रें वाचूं शकतो. आपल्या यंत्राला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्या घरांनीं हा प्रयोग एकदां स्वतःच्याच यंत्रावर करून पाहावा. डिस्क कुलूपबंद करण्याचें महत्त्व दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज उरणार नाहीं.

या साधनाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणें सांगितल्या पाहिजेत. कारभारी हलका झाला तरी जग हलकें झालेलें नाहीं. आजचीं वेबस्थळें आणि व्हिडिओ यांचा भार ब्राउझरवर पडतो, आणि ब्राउझर पपीवरही तेवढीच रॅम मागतो. दोन गिगाबाइट रॅम असलेलें यंत्र बेतानें चालतें. ५१२ मेगाबाइटचें यंत्र पत्रें लिहील, गाणीं ऐकवील, पण एखाद्या बातमीच्या पानावर धापा टाकील. ३२-बिटच्या अगदीं जुन्या प्रोसेसरांपुढें याहून मोठी अडचण आहे: क्रोमनें २०१६ सालींच ३२-बिट लिनक्सचा आधार सोडला, आणि २०२५ सालीं आलेल्या डेबियन १३ मध्यें ३२-बिट पीसींवर बसविण्याची अधिकृत सोय राहिली नाहीं. शिवाय पपींत वापरणारा मुळांत सर्वाधिकारी असतो. एका माणसाच्या एका यंत्राला हें सुटसुटीत पडतें, आणि नव्या आवृत्त्यांत इंटरनेटचे कार्यक्रम कमी अधिकारांनीं चालविण्याची सोयही आहे. परंतु जेथें चारचौघे एकच यंत्र वापरतात, अशा कचेरीसाठीं ती योग्य नव्हे.

मराठी घरांना आणखी एक गोष्ट जाणवेल. वळकटी बांधतांना जें सामान आधीं मागें राहतें, त्यांत परभाषांचे टाइप असतात. म्हणून एखाद्या हलक्या सिस्टिमवर मराठी वर्तमानपत्र उघडलें असतां अक्षरांच्या जागीं रिकाम्या चौकटींची रांग दिसते. घाबरण्याचें कारण नाहीं. लोहित किंवा नोटो यांपैकीं देवनागरी टाइपाची कांहीं शे किलोबाइटची फाइल घातली कीं मजकूर वाचतां येतो, आणि कीबोर्डच्या मांडणींत इनस्क्रिप्ट निवडलें कीं लिहितांही येतो. एकदां हें करून सेव्ह केलें म्हणजे तो कारभारी कायमचा मराठी शिकला. मात्र कोणी तरी तें एकदां करावें लागतें. दूर देशांत बसून हलकेपणासाठीं काय गाळावें हें ठरविणाऱ्याला, येथल्या घरीं काय लागतें तें ठाऊक असेलच असें नाहीं.

तेव्हां कपाटावरचा तो लॅपटॉप भंगार आहे कीं नाहीं? कधीं कधीं तो खरोखरच भंगार असतो: बॅटरी फुगलेली असते, डिस्क खरखरते, पडद्यावर चरे पडलेले असतात. फुगलेली बॅटरी तर घरांत ठेवूंच नये. ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावी. पण पुष्कळदां तो नुसता भारानें वांकलेला असतो. लॅपटॉपमुळें जगावर पडणारा बोजा बऱ्याच अंशीं तो वापरण्यांत नव्हे तर तो बनविण्यांत पडतो, हें लक्षांत घेतां, एका चांगल्या यंत्रास आणखी चार वर्षें चालविणें ही केवळ काटकसर नव्हे. म्हणून यंत्र भंगारांत देण्यापूर्वीं, आणि त्याच्या बदली चाळीस-पन्नास हजारांचें नवें घेण्यापूर्वीं, एका सुटीच्या दुपारीं तीनशें-चारशें रुपयांचा पेन ड्राइव्ह लावून त्याला एकदां विचारावें. वीस सेकंद थांबावें लागेल. नंतर तें यंत्र उठलें आणि झपाट्यानें कामाला लागलें, तर घरांतील वडील मंडळींच्या प्रश्नाला पुरावा मिळाला असें समजावें. न उठलें, तर निदान पुरतें तपासून तें निरोपास पात्र ठरविल्याचें समाधान मिळेल.